बंदुकीच्या दुकानातली ठाम उत्तरे

ब्रिटनमध्ये बंदुका विकायच्या तर पोलिसांकडे 'रजिस्टर्ड फायरआर्म्स डीलर' म्हणून नोंद करावी लागते. ही नोंद देताना माणूस भरवशाचा आहे का, दुकानाची कुलपे आणि गजर धड आहेत का, आलेल्या-गेलेल्या प्रत्येक शस्त्राची वही नीट ठेवली जाते का, हे पाहिले जाते. बंदुकीतले त्याला किती कळते याची परीक्षा कोणी घेत नाही. शनिवारी काउंटरवर उभ्या असलेल्या पोऱ्याची तर नाहीच नाही. शिवाय यातली बरीच दुकाने नुसत्या बंदुकांवर चालत नाहीत. मासेमारीचे गळ, रबरी बूट, मेणकापडाची जाकिटे, कुत्र्यांचे खाद्य असा सगळा संसार तिथे मांडलेला असतो. ट्राउट माशासाठी कोणता दोरा घ्यावा हे अचूक सांगणारा माणूस काडतुसाबद्दलही त्याच सुरात बोलतो आणि नवख्या गिऱ्हाइकाला त्या दोन उत्तरांतला फरक कळत नाही.

लंडनमधल्या इल्फर्डच्या मराठी घरांतून अशा दुकानात जाण्याची कारणे अलीकडे वाढली आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांना २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत कांस्यपदक मिळाले, ठाण्याचे रुद्रांक्ष पाटील २०२२मध्ये जगज्जेते झाले. मग इकडची मुलेही एअर रायफलचा हट्ट धरतात. खुद्द इल्फर्डपासून थोड्या अंतरावर, थेम्सपलीकडे वुलिचच्या रॉयल आर्टिलरी बराकीत, २०१२च्या ऑलिंपिकची नेमबाजी झाली. कोल्हापूरच्या राही सरनोबत तिथेच पंचवीस मीटर पिस्तूल प्रकारात उतरल्या होत्या. तेव्हा हौस समजण्यासारखी आहे. हौसेचा पहिला सल्लागार मात्र काउंटरवरचा माणूस आणि दुसरा मैदानावरचा अनुभवी गडी असतो, आणि दोघांचेही बोलणे चाळून घ्यावे लागते.

चाळण्या तीन आहेत: नळीवर उठवलेले शिक्के, पेटीवर छापलेला मजकूर आणि हातातला परवाना. तोंडी सल्ला या तिघांशी जुळला तर घ्यावा. जुळला नाही तर सांगणाऱ्याच्या मिशा कितीही पांढऱ्या असोत, ऐकून सोडून द्यावा.

कायद्याच्या गप्पा

पहिला घोटाळा पत्त्यापासून सुरू होतो. इल्फर्ड १ एप्रिल १९६५पासून ग्रेटर लंडनच्या रेडब्रिज बरोमध्ये आहे, पण पाकिटावर 'इल्फर्ड, एसेक्स' लिहिण्याची सवय अजून गेलेली नाही. त्यामुळे दुकानातला माणूस बिनदिक्कत सांगतो की अर्ज एसेक्स पोलिसांकडे करा. परवाना मात्र लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांकडून मिळतो. बंदूक एसेक्समधल्या दुकानातून घेतली किंवा तिथल्याच मैदानावर वापरली, तरी अर्जदार राहतो कुठे हेच पाहिले जाते.

परवाने मुख्यतः दोन. साध्या शॉटगनसाठी शॉटगन सर्टिफिकेट आणि रायफलसाठी फायरआर्म सर्टिफिकेट. दोन्हींची मुदत पाच वर्षे. पहिल्यावर कितीही शॉटगन ठेवता येतात, मात्र त्या सुरक्षित ठेवण्याची सोय पोलिसांना पटली पाहिजे. दुसऱ्यावर प्रत्येक रायफल आणि तिच्या गोळ्यांची संख्या वेगळी लिहिलेली असते. 'एकदा परवाना काढा, मग काय हवं ते घ्या' हे काउंटरवरचे वाक्य त्यामुळे पहिल्याबाबत जवळजवळ खरे आणि दुसऱ्याबाबत साफ खोटे आहे. रायफलसाठी सबळ कारणही दाखवावे लागते. बहुतेक शहरी लोकांचे कारण म्हणजे गृहखात्याने मान्य केलेल्या क्लबचे सभासदत्व, आणि ते पूर्ण मिळायच्या आधी किमान तीन महिने उमेदवारी करावी लागते.

कारणाच्या रकान्यात मराठी माणसाची एक खास गफलत होते. महाराष्ट्रात बंदुकीचा परवाना पीकसंरक्षणासाठी किंवा स्वसंरक्षणासाठी मागतात, म्हणून गावाकडून आलेले काका इथेही सरळ सांगतात: 'घरात असावी एक, चोराचिलटाची भीती असते.' ब्रिटनमध्ये स्वसंरक्षण हे कारण पोलिस धरत नाहीत, आणि असे बोलणाऱ्याकडे जरा निरखून पाहतात. गंमत अशी, की काउंटरवरचा तरुण कधी कधी काकांच्याच बाजूने बोलतो, 'घरात ठेवायला शॉटगनसारखी वस्तू नाही' म्हणतो आणि खटका ओढल्याचा आवाज ऐकूनच चोर पळतो अशी पुस्तीही जोडतो. हे सगळे ज्ञान अमेरिकन व्हिडिओंतून आलेले असते. खिशात पिस्तूल बाळगायचे नियम, मॅगझिनमधल्या गोळ्यांची मर्यादा, हे जो तरुण घडाघडा सांगतो त्याला इल्फर्डमध्ये लागू असलेला १९६८चा फायरआर्म्स ॲक्ट वाचल्याचे आठवत नाही.

पिस्तुलांबद्दल 'इकडे पूर्ण बंदी' हे उत्तर बहुतांशी बरोबर. स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या शाळेत १९९६मध्ये झालेल्या हत्याकांडानंतर १९९७च्या दोन कायद्यांनी इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये हँडगन बंद केल्या. २०१२च्या स्पर्धांसाठी पिस्तुले खास सवलतीने आणावी लागली. वुलिचच्या ज्या रेंजवर भारताच्या विजय कुमार यांनी रौप्यपदक घेतले, तिथली पिस्तुले एखाद्याने इल्फर्डमध्ये विनापरवाना बाळगली तर सामान्यतः किमान पाच वर्षे तुरुंग ठरलेला. तरीही दुकानाच्या कपाटात एखादे रिव्हॉल्व्हरसारखे काहीतरी दिसते आणि गिऱ्हाईक चक्रावते. कायद्याने नळी किमान ३० सेंटिमीटर आणि एकूण लांबी किमान ६० सेंटिमीटर भरली तर ते लहान शस्त्र ठरत नाही. म्हणून कारागीर लांब नळी बसवतात आणि मुठीमागे पोलादी दांडा जोडून उरलेली लांबी भरून काढतात. मागे शेपूट असलेले हे रिव्हॉल्व्हर फायरआर्म सर्टिफिकेटवर मिळते. कायद्याच्या पट्टीने माप घेतले की वस्तू कशी दिसू लागते याचा हा पोलादी नमुना आहे, आणि दुकानातल्या पोऱ्याला तो दांडा कशासाठी हे विचारले तर 'नेम स्थिर राहायला' असे उत्तर मिळण्याची शक्यता बरीच.

एअर रायफलच्या बाबतीत 'हिला परवाना लागत नाही' हे सगळ्यांत जास्त ऐकू येणारे वाक्य. इंग्लंडमध्ये ते एका अटीवर खरे: रायफलची शक्ती १२ फूट-पाउंड, म्हणजे १६.२७ ज्यूलच्या वर नको. एअर पिस्तुलाची ६ फूट-पाउंडांच्या वर नको. स्कॉटलंडमध्ये मात्र २०१६च्या अखेरीपासून एअरगनलाही परवाना लागतो, तेव्हा एडिंबरोच्या मावशीकडे ती घेऊन जाण्याचा बेत आधी तपासावा. भारतात २०१६च्या शस्त्र नियमांनुसार साडेचार मिलिमीटरच्या एअरगनसाठी विनापरवाना मर्यादा २० ज्यूल आहे. पुण्यात कायदेशीर असलेली एअर रायफल इल्फर्डमध्ये फायरआर्म सर्टिफिकेटच्या कक्षेत जाऊ शकते ती अशी. सामानातून आणायचा विचार करणाऱ्याने इथेच थांबावे.

खरेदीदार अठरा वर्षांचा पूर्ण हवा, आणि दुकानदाराने एअरगन समोरासमोरच हाती द्यायला हवी. चौदा वर्षांखालच्या मुलाला ती चालवायची तर शेजारी एकवीस किंवा जास्त वयाचे माणूस लागते. 'अंगणात मारा की, कोण विचारतंय?' हाही एक लाडका सल्ला. खासगी जागेत हरकत नाही, पण छर्रा कुंपणापलीकडे गेला की गुन्हा होतो, आणि इल्फर्डच्या चाळीवजा घरांची मागची अंगणे पाहता छर्रा आत राहील अशी भक्कम पाठभिंत उभारणे हाच पहिला खर्च ठरतो. वाटेत नेताना ती झाकलेली हवी आणि नेण्यामागे सांगता येईल असे कारण हवे. सार्वजनिक जागी भरलेली नसलेली एअरगनसुद्धा विनाकारण बाळगणे गुन्हाच आहे. पक्ष्यांबाबत 'कबुतरं-पोपट चालतात' असे सांगणाऱ्याला १९८१चा वन्यजीव कायदा ठाऊक नसतो. सगळे रानपक्षी मुळात संरक्षित आहेत, आणि कबुतरे-पोपट मारायची मुभा असते ती जनरल लायसन्सच्या अटी पाळूनच.

दिवाळीला भारतातून येणाऱ्या बॅगांत टिकल्यांचे पिस्तूल असते, तेही कायद्याच्या कक्षेत येते. खऱ्यासारखी दिसणारी नकली शस्त्रे विकणे आणि देशात आणणे २००६च्या कायद्याने बंद झाले. नियमांनी सूट दिली ती आरपार दिसणाऱ्या किंवा भडक लाल, नारिंगी, पिवळ्या, हिरव्या, गुलाबी, जांभळ्या वा निळ्या रंगाच्या खेळण्यांना. काळे किंवा चंदेरी पिस्तूल घेऊन मुले फुटपाथवर टिकल्या उडवू लागली, तर 'खेळण्यातलंच आहे हो' हे सांगायची वेळ सशस्त्र पोलिसांसमोर येऊ शकते.

आकड्यांचा गोंधळ

काउंटरवरचा माणूस कितपत जाणता आहे हे ओळखायला एक निरुपद्रवी प्रश्न पुरतो: बारा बोर मोठी की वीस बोर? 'वीस, अर्थात' असे उत्तर आले तर पुढचे प्रश्न दुसऱ्या दुकानात विचारावेत. जुन्या पद्धतीत एक पौंड शिशाच्या समान गोळ्या करायच्या आणि नळीत बसणाऱ्या गोळ्या पौंडात किती भरतात तो आकडा बंदुकीला द्यायचा. बारा गोळ्यांत पौंड संपला तर गोळी मोठी, सुमारे साडेअठरा मिलिमीटर; वीस झाल्या तर लहान, सुमारे साडेपंधरा. फोर-टेन मात्र या हिशेबात नाही. ती सरळ इंचातली रुंदी आहे, ०.४१०. ते नाव ऐकून 'चारशे दहा म्हणजे केवढी मोठी!' असे कौतुक करणारे भेटतात, आणि ते सगळेच गिऱ्हाइके नसतात.

हा घोटाळा निव्वळ हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वीस बोरचे काडतूस चुकून बारा बोरच्या नळीत पडले तर ते घसरत पुढे जाऊन नळी निमुळती होते तिथे अडकते. वरून पाहिले तर कोठी, म्हणजे काडतूस बसायची जागा, रिकामी दिसते. मग तिच्यात बारा बोरचे काडतूस भरून चाप ओढला की नळी फुटते, आणि नळी धरणारा डावा हात नेमका तिथेच असतो. म्हणूनच वीस बोरची काडतुसे रिवाजाने पिवळी करतात. दोन्ही प्रकार एकाच खिशात ठेवणाऱ्या माणसाशेजारी, तो क्लबचा किती का जुना सभासद असेना, उभे राहू नये.

जुनी इंग्लिश दुनळी स्वस्तात मिळाली की दुसरा सल्ला हमखास मिळतो. बंदुकीच्या कोठीवर ६५ मिलिमीटर किंवा अडीच इंचाचा शिक्का असतो आणि दुकानात काडतुसे ७० मिलिमीटरची असतात. विक्रेता एक काडतूस घेतो, कोठीत टाकतो, ते टुपकन बसते, बंदूक मिटतेही. 'जातंय ना आत? मग चालतंय.' प्रात्यक्षिकासकट दिलेला हा सल्ला खोडून काढणे नवख्याला जड जाते. उत्तर काडतुसाच्या तोंडाशी आहे. काडतुसाचे तोंड घड्या घालून आत दुमडलेले असते आणि ७० मिलिमीटर हे माप घडी उलगडल्यानंतरचे, म्हणजे बार उडाल्यानंतरचे. न उडालेले काडतूस जेमतेम ६० मिलिमीटरच्या आसपास भरते, त्यामुळे ते आखूड कोठीत आरामात बसते. बार उडताना मात्र उघडलेले तोंड कोठी संपून नळी निमुळती होते तिथे घुसते, छर्र्यांची वाट आवळते आणि दाब वाढतो. जी बंदूक शंभर वर्षांपूर्वी कमी दाबाच्या दारूसाठी घडवली, तिच्या नळीला हे सोसेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. काही काडतुसांच्या पेटीवर '६५ मिलिमीटर कोठीसाठीही योग्य' असे छापलेले असते. तसे छापलेले असेल तरच वापरावे.

नळीच्या खालच्या अंगाला, लाकूड काढल्यावर दिसणारे बारीक शिक्के त्यासाठीच आहेत. लंडनच्या गनमेकर्स कंपनीला १६३७मध्ये सनद मिळाली, बर्मिंगहॅमचे प्रूफ हाउस १८१३चे. दोन्ही ठिकाणी आजही नळीत मुद्दाम जादा दाबाचा बार उडवून ती टिकली तरच शिक्का मारतात, आणि ग्राह्य प्रूफ नसलेली बंदूक विकणे हा गुन्हा आहे. 'आधीच्या मालकानं तीस वर्षं वापरली' हे शिक्क्याला पर्याय नव्हे. नळी मागाहून घासून किंवा छिलून पातळ केलेली असू शकते; ती आतून मापून देणारा गनस्मिथ गाठावा आणि त्याची फी बंदुकीच्या किमतीतच धरावी.

.२२ या आकड्याने तर भल्याभल्यांना फसवले आहे. .२२ची एअर रायफल, .२२ लाँग रायफल आणि .२२३ रेमिंग्टन ही तीन भिन्न जगे आहेत. 'शेवटचा तीन म्हणजे किंचित जाड' असे स्पष्टीकरण काउंटरवर मिळू शकते. व्यासात फरक खरोखरच किंचित असतो. फरक वेगात आहे. .२२ लाँग रायफलची सुमारे अडीच ग्रॅमची गोळी सेकंदाला तीन-साडेतीनशे मीटर जाते, तर .२२३ची सुमारे साडेतीन ग्रॅमची गोळी त्याच्या तिप्पट वेगाने. ऊर्जेत ती दहापटीहून अधिक. आणि छोटी .२२ म्हणजे खेळणे, हा समज दूर करायला तिच्याच पेटीवरची सूचना वाचावी: ही गोळी मैल-सव्वा मैलापर्यंत धोकादायक आहे असे तिथे छापलेले असते.

एअर रायफलच्या खोक्यावर 'सेकंदाला १२०० फूट' असे ठळक छापलेले असते आणि विक्रेता तेच बोट ठेवून दाखवतो. इथे साधे गणित उपयोगी पडते. बाजारातला अगदी हलका, ५ ग्रेनचा छर्रा घेतला तरी त्या वेगाला त्याची ऊर्जा १६ फूट-पाउंडांच्या घरात जाते, म्हणजे कायद्याच्या मर्यादेबाहेर. तेव्हा खोक्यावरचा आकडा खरा असेल तर रायफल परवान्याविना विकता येत नाही, आणि रायफल कायदेशीर असेल तर आकडा फुगवलेला आहे. यातले काय ते विक्रेत्यालाच विचारावे; उत्तर मनोरंजक असते. शिवाय ध्वनीचा वेग ओलांडला की डमरूच्या आकाराचा छर्रा डगमगतो. मर्यादेतली चांगली .१७७ रायफल साडेआठ ग्रेनचा छर्रा सेकंदाला ८०० फुटांपेक्षा जरा कमी वेगाने फेकते आणि नेम त्यातच लागतो.

मैदानावरचे गुरुजी

दुकानातला सल्ला एकदाच ऐकावा लागतो. मैदानावर तो फुकट आणि अखंड मिळतो. उडत्या तबकड्यांवर नेम धरायच्या, पोलिसांनी मंजूर केलेल्या क्ले मैदानांवर ठरलेल्या वेळी परवाना नसलेल्यालाही शॉटगन चालवता येते, त्यामुळे एसेक्समधल्या अशा मैदानांवर रविवारी पहिलटकर बरेच असतात आणि त्यांच्यामागे उभे राहून निदान करणारे त्याहून जास्त. निदान जवळपास नेहमी एकच: 'मागे राहिलात.' पाठोपाठ औषध येते. एक म्हणतो चार-पाच बोटे पुढे धरा, दुसरा म्हणतो छे, सहा फूट! दोघांत वाद जुंपतो आणि बंदूकवाला मधेच उभा राहतो.

हिशेब केला तर भांडणाला जागाच नाही. आडवी जाणारी तबकडी सेकंदाला १८ मीटर जात असेल आणि ३० मीटरांवर असेल, तर सरासरी सेकंदाला ३०० मीटरने जाणारे छर्रे तिथे पोहोचायला सेकंदाचा दहावा भाग घेतात. तेवढ्यात तबकडी १.८ मीटर पुढे सरकते. हे झाले सहा फूट, तबकडीजवळ मोजलेले. तेच अंतर डोळ्यापासून दीड मीटरवरच्या नळीच्या टोकाशी मोजले तर ९ सेंटिमीटर भरते, म्हणजे चार-पाच बोटे. दोघेही गुरुजी खरे सांगत असतात. कुठे मोजले ते कोणीच सांगत नाही. नवख्याने म्हणून आकडा ऐकल्याबरोबर 'कुठं मोजून?' एवढेच विचारावे.

'शॉटगनला नेम लागत नाही, छर्रे छत्रीसारखे पसरतात' हा सिनेमाचा प्रसाद. २० मीटरांवर पसारा साधारण हातभर व्यासाचा असतो, खोलीभर अंतरावर तर मुठीएवढाच. बार लागलेला माणूस उडून खिडकीबाहेर पडतो हेही तसेच. तेवढा धक्का समोरच्याला बसायचा तर तेवढाच चालवणाऱ्याच्या खांद्यालाही बसायला हवा. रायफलवाल्यांत 'गोळी सुटल्यावर आधी वर चढते' हे ठाम मत असते. गोळी नळीतून सुटल्या क्षणापासून नळीच्या रेषेखाली पडू लागते. मुळात नळीच नजरेच्या रेषेला किंचित वर तोंड करून बसवलेली असते, म्हणून गोळी ती रेष ओलांडून वर गेलेली दिसते.

'एक डोळा मिटा' हा सल्लाही सरसकट घेऊ नये. आधी कोणता डोळा प्रमुख आहे ते पाहावे. दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबच्या खांबावर अंगठा धरावा आणि एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याला अंगठा खांबावरच दिसत राहतो तो प्रमुख. उजव्या हाताने बंदूक धरणाऱ्याचा डावा डोळा प्रमुख निघाला तर चुकांचे निम्मे कारण सापडते, आणि ते 'मागे राहिलात' या निदानात बसत नाही.

दोन बाबतींत मात्र अनुभवाला मान देऊ नये. 'पॉइंट टू-टूला कसले आलेत कानाचे बोळे?' म्हणणाऱ्याला स्वतःलाच वाक्य दोनदा सांगावे लागते, यावरून काय ते ओळखावे. आणि 'सेफ्टी लावलीय' हे ऐकून कोणी नळी अंगावर रोखलेली खपवून घेऊ नये. बऱ्याच शॉटगनची सेफ्टी फक्त चाप अडवते, घोडा नाही; बंदूक आपटली तर बार उडू शकतो. रिकामी बंदूक म्हणजे उघडून, मोडून हातावर टाकलेली, दोन्ही कोठ्यांतून आरपार उजेड दिसणारी बंदूक.

व्यवहार करताना

दुकानात जाताना प्रश्न कागदावर लिहून न्यावेत आणि उत्तर वस्तूवरच दाखवायला सांगावे: कोठीचे माप कुठे कोरलेय, प्रूफचा शिक्का कुठला, या पेटीवर काय लिहिलेय. जो 'थांबा, पाहून सांगतो' म्हणून चष्मा काढतो, त्याच्याकडून घ्यावे. शॉटगनची काडतुसे घेताना सर्टिफिकेट सोबत हवे. 'ओळखीचे आहात, राहू द्या' असे म्हणणारा दुकानदार प्रेमळ असला तरी गिऱ्हाइकाचा परवाना धोक्यात घालतो. शॉटगन किंवा रायफल विकत घेतली, विकली किंवा भेट दिली की सात दिवसांच्या आत पोलिसांना कळवायचे असते, आणि ते दोन्ही पक्षांनी वेगवेगळे कळवायचे असते. 'आमच्याकडून कळवलं जाईल, तुम्ही काळजी करू नका' असे दुकानात सांगितले तरी इल्फर्डच्या खरेदीदाराने मेट्रोपॉलिटन पोलिसांना स्वतः कळवावे आणि त्याची पोच जपून ठेवावी.